कट्ट्याचा दगड आणि झिजेचा हिशेब

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण आपण आजही सर्रास वापरतो. पण शहरातल्या शाळेत 'चुलीचा वैल म्हणजे काय?' असे विचारून पाहा. फार थोडे हात वर होतील. म्हण टिकली आणि चूल गेली. तिच्या जागी कमरेएवढ्या उंचीचा दगडी ओटा आला. आम्ही कोल्हापूरकर त्याला कट्टा म्हणतो. पारावरचा कट्टा, तालमीचा कट्टा, तसाच स्वयंपाकाचा कट्टा. शब्दाचा सूर शेजारच्या कानडी 'कट्टे'शी जुळणारा आहे. पूर्वी कट्टा घराबाहेर असे. तो स्वयंपाकघरात शिरला त्याला शंभर वर्षेही झालेली नाहीत.

नवे घर बांधताना किंवा जुने दुरुस्त करताना प्रत्येक कुटुंबात एक प्रश्न हमखास निघतो : कट्ट्याला कडप्पा घालायचा, ग्रॅनाइट घालायचा, की आणखी काही? उत्तर बहुधा रंग आणि दर पाहून ठरते. हाच प्रश्न थोडा इतिहासाच्या आणि थोडा रसायनशास्त्राच्या अंगाने पाहिला, तर त्यातून एक वेगळी गोष्ट दिसू लागते. न झिजणारा कट्टा कधीच नव्हता आणि आजही नाही. प्रत्येक काळात माणसाने एक झीज टाळून दुसरी पत्करली. म्हणून केवळ 'कोणता दगड चांगला?' एवढेच विचारून भागत नाही. त्याची झीज कशाने होते, ती दुरुस्त कोण करतो आणि तिची किंमत कोणाच्या अंगावर पडते, हेही विचारावे लागते.

जमिनीवरचा स्वयंपाक

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडचा स्वयंपाक बहुतेक घरांत जमिनीवर बसूनच होत असे. मातीची चूल, तिला लागून वैल, एका बाजूला पाटा-वरवंटा, भिंतीकडेला मडक्यांची उतरंड. भाजी विळीवर चिरायची, भाकरी काठवटीत थापायची, कणीक परातीत मळायची, मसाला पाट्यावर वाटायचा. या मांडणीत एक शहाणपण होते. प्रत्येक कामाला वेगळी वस्तू होती आणि प्रत्येक वस्तूचा पदार्थ त्या कामाला साजेसा होता. चिरायला लोखंड, थापायला लाकूड, मळायला पितळ, वाटायला काळा दगड. आज आपण ही सगळी कामे एकाच फरशीवर करू पाहतो. चिरणे, लाटणे, गरम पातेले टेकवणे, लिंबू पिळणे, भांडी निथळत ठेवणे हे सगळे एका पदार्थाने सोसावे अशी आपली अपेक्षा असते. कट्ट्याच्या निवडीचा प्रश्न अवघड झाला तो इथून.

त्या वेळचा 'पृष्ठभाग' म्हणजे शेणाने सारवलेली जमीन. शेणात न पचलेले चाऱ्याचे तंतू असतात. ते मातीच्या कणांना धरून ठेवतात आणि वाळताना पडणाऱ्या भेगा आवरतात. अशी जमीन पायाला ऊबदार लागते, तिच्यावर पडलेले भांडे सहसा फुटत नाही. पण ती झपाट्याने झिजते. पाणी सांडले की पोपडा सुटतो, चुलीजवळ उष्णतेने माती भुसभुशीत होते. म्हणून चूल रोज पोतेऱ्याने सारवायची आणि जमीन चार-आठ दिवसांनी. सामान फुकटचे, दुरुस्ती सोपी. पण ती कधी न संपणारी आणि संपूर्णपणे घरातल्या बाईच्या हातांनी, गुडघ्यांनी आणि कमरेने भागवलेली. झिजेचा पहिला हिशेब हा असा होता.

पायाखालचा काळा दगड

कोल्हापूरला दगडाचा तोटा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून बेसॉल्ट खडकाचे पठार तयार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातले चरकावर फिरवल्यासारखे गुळगुळीत खांब पाहा, किंवा १८७७ ते १८८४ या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधलेला कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहा. बेसॉल्ट किती घट्ट असतो आणि त्याला किती सुंदर झिलई येते, हे दोन्ही ठिकाणी कळते.

घरात हा दगड पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि जाते होऊन आला. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यासाठी मिरची, खोबरे, तीळ, धणे बारीक करायचे तर पाटा कठीण हवा आणि खरबरीतही हवा. वापराने पाटा गुळगुळीत होतो आणि मग मसाला वाटला न जाता नुसता सरकतो. अशा वेळी टाकी लावावी लागे. छिन्नी-हातोडी घेऊन दारोदार फिरणारे वडार समाजातले बाया-पुरुष हे काम करीत. टाकी लावल्यावरचे पहिले वाटण टाकून द्यायची रीत होती, कारण त्यात दगडाची कच येई. तरीही थोडी कच रोजच्या पिठा-मसाल्यातून पोटात जातच असे. म्हणजे पाट्याच्या बाबतीत गुळगुळीत होणे ही झीज आणि खरबरीत करणे ही दुरुस्ती. कट्ट्याच्या बाबतीत नेमके उलट. 'झीज' म्हणजे केवळ पदार्थ कमी होणे नव्हे. ज्या कामासाठी वस्तू केली त्या कामाला ती निरुपयोगी होणे, हा तिचा खरा अर्थ.

आता साहजिक प्रश्न येतो. एवढा घट्ट दगड पायाखाली असताना कोल्हापूरच्या कट्ट्यांवर शेकडो किलोमीटरवरून आणलेली फरशी का बसली?

उत्तर लाव्हा थंड होण्याच्या पद्धतीत आहे. लाव्हा जमिनीवर पसरून तुलनेने लवकर थंड होतो, आकसतो आणि आकसताना त्याला तडे जातात. पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवडे येथे या तड्यांनी घडवलेले षट्कोनी-पंचकोनी स्तंभ पाहायला मिळतात. इतरत्र तडे इतके सुबक नसतात, पण असतात. शिवाय लाव्ह्यातल्या वायूंच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. अशा खडकातून चौकोनी चिरे निघतात, पाटे-वरवंटे निघतात. पण सहा-सात फूट लांब, दोन फूट रुंद आणि इंचभर जाड अशी सलग फरशी काढणे कठीण. छिन्नी-हातोडीच्या जमान्यात तर ते परवडणारेच नव्हते. आपल्या डोंगरमाथ्यावरचा जांभा हाताने सहज कापता येतो, पण तो सच्छिद्र. पाणी आणि तेल पिणारा दगड कट्ट्याला काय कामाचा?

कट्टा उभा का राहिला?

दगडाकडे वळण्यापूर्वी कट्टा का आला ते पाहू. उभ्याने स्वयंपाक ही कल्पना युरोपात जुनी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यातल्या कामाप्रमाणे घरकामाचाही शास्त्रशुद्ध अभ्यास होऊ लागला. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्ट शहरातल्या कामगार वसाहतींसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखले. त्यात सलग काम-पृष्ठभाग होता आणि दोन कामांमध्ये कमीत कमी पावले पडावीत अशी रचना होती. जगभरच्या आजच्या स्वयंपाकघरांवर त्याची छाप आहे.

आपल्याकडे हा बदल पुस्तकातून आला नाही, इंधनातून आला. लाकडाची चूल जड, मातीची आणि जमिनीला चिकटलेली. रॉकेलचा स्टोव्ह आला आणि आच उचलून हलवता येऊ लागली. त्यानंतर स्वयंपाकाचा गॅस आला. १९५५ साली मुंबईत बर्मा शेल कंपनीने तो विकायला सुरुवात केली. १९६५ साली इंडियन ऑइलचा इंडेन आला आणि पुढच्या दशकांत तो गावोगाव पोचला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर जमिनीवर उभा ठेवायचा आणि शेगडी त्याच्याहून उंच जागी ठेवायची, असा सुरक्षिततेचा नियम आहे. या एका नियमाने बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. १९६०च्या दशकापासून मिक्सर आले आणि पाट्याचे कामही कट्ट्यावर चढले. जमिनीवरची सगळी कामे अशी एकेक करून वर आली आणि त्यांना तोलणारी सलग, धुता येणारी फरशी हवीशी झाली.

थरांचा दगड आणि चिंचेचे पाणी

ही गरज पहिल्यांदा भागवली चुनखडकाने. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची करडी फरशी आणि आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातली काळसर फरशी हे दोन्ही चुनखडक आहेत. राजस्थानातली हिरवट कोटा फरशीही त्याच जातीची. प्राचीन उथळ समुद्रांच्या तळाशी चुन्याचा गाळ थराथरांनी साचला आणि दाबाखाली त्याचा खडक झाला. पुस्तकाची पाने सुटावीत तसा हा दगड थरांवर सुटतो. पहार आणि छिन्नीने सपाट, पातळ लाद्या काढता येतात. यंत्राची करवत लागत नाही. त्याची स्वस्ताई अशी त्याच्या जन्मातच होती.

दुसरी मदत रेल्वेची. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८७१ साली रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. शहाबाद याच मार्गावर आहे. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. जड दगड लांबवर नेणे आता शक्य झाले आणि पुढे मालमोटारींनी ते अधिकच सोपे केले. सारवलेल्या जमिनीवर आधी शहाबादी फरशी आली, आणि पुढे कट्टा झाला तेव्हा त्यावर कडप्पा बसला. १९७०-८०च्या दशकांतल्या कोल्हापुरातल्या घरांत कडप्प्याचा कट्टा आणि त्याखाली कडप्प्याचेच उभे-आडवे कप्पे ही नेहमीची मांडणी. अशी घरे आजही आहेत.

कडप्प्याने बाईची सारवणातून सुटका केली. पण त्याची स्वतःची एक दुखरी जागा आहे : त्याला आंबट चालत नाही. चुनखडकाचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. चिंचेतले टार्टरिक आम्ल, लिंबातले सायट्रिक आम्ल, ताकातले लॅक्टिक आम्ल ही सगळी सौम्य. तरी कार्बोनेटवर त्यांची क्रिया होते. कर्बवायू निघून जातो आणि फरशीचा अगदी वरचा थर विरघळतो. झिलई केलेला पृष्ठभाग आरशासारखा सपाट असतो म्हणून काळा दिसतो. आम्लाने त्यावर सूक्ष्म खड्डे पडतात, प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि डाग पांढुरका दिसतो. चिंचेच्या कोळाची वाटी जिथे टेकली तिथे पांढरे वर्तुळ उमटते ते यामुळे. तो डाग 'बसलेला' नसतो. तिथला दगड गेलेला असतो. मग साबणाने कितीही घासले तरी तो कसा निघेल?

यावर गृहिणींनी शोधलेला उपाय म्हणजे फरशीला तेलाचा हात फिरवणे. तेल त्या खड्ड्यांत भरते, प्रकाशाचे विखुरणे कमी होते आणि दगड पुन्हा काळा दिसतो. उपाय तात्पुरता, पण त्यामागचे प्रकाशशास्त्र पक्के आहे. पांढऱ्याशुभ्र संगमरवराचीही हीच कथा. मकराण्याचा संगमरवर म्हणजे पृथ्वीच्या पोटात उष्णता आणि दाबाखाली रूपांतरित झालेला चुनखडकच. आंबटाशी त्याचे वैर तसेच. मोझॅक फरशीत संगमरवराच्या खड्या सिमेंटात बसवलेल्या असतात. तिथे खडी आणि सिमेंट दोघांनाही आम्ल खाते. चिनी मातीच्या लादीवरचा काचेसारखा मुलामा आम्लाला दाद देत नाही, पण दोन लाद्यांमधल्या सिमेंटच्या सांध्यांचे तसे नाही. लाद्यांच्या कट्ट्यावर आधी सांधे काळे पडतात आणि मग पोकळ होतात.

दगडाची रोजच्या स्पर्शाने आणि द्रवांनी झीज होते हे कोल्हापूरला वेगळे सांगायला नको. अंबाबाईच्या मूर्तीची झीज हा इथे अनेक वर्षे चर्चेचा विषय होता, आणि २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांनी मूर्तीवर रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया केली.

आंबटाखेरीज चुनखडकाचा दुसरा दोष म्हणजे मऊपणा. १८१२ साली फ्रीड्रिख मोह्स यांनी खनिजांच्या काठिण्याची एक ते दहा अशी श्रेणी मांडली. तिच्यात चुनखडकातले कॅल्साइट तिसऱ्या क्रमांकावर आहे. सुरीचे पोलाद साडेपाचच्या आसपास, फेल्डस्पार सहा, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ सात, हिरा दहा. कडप्प्यावर सुरीने चिरले की रेघ उठते ती याचमुळे. भाजीला चिकटून आलेल्या मातीतली वाळू, भांडी घासायची राख, विटेचा चुरा यांतही सिलिकाचे कण असतात. पातेले सरकवताना ते खाली सापडले की नकळत पॉलिश पेपरचे काम करतात.

हिऱ्याची करवत

१९९०च्या दशकात कट्ट्यांवर ग्रॅनाइट दिसू लागला. ग्रॅनाइट काही नवा नव्हता. दक्षिण भारतातली मोठमोठी मंदिरे त्याचीच. कोल्हापूरकरांना इलकल हे नाव लुगड्यांमुळे ठाऊक आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या त्याच इलकलच्या परिसरात गुलाबी-लाल ग्रॅनाइटच्या खाणी आहेत. दगड होता, मागणीही झाली असती. नव्हती ती कापायची सोय. ग्रॅनाइटला थर नाहीत, म्हणून तो पानांसारखा सुटत नाही. त्यात फेल्डस्पार आणि गारगोटी असल्यामुळे पोलादाच्या नुसत्या करवतीला तो जुमानत नाही.

डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाब आणि उष्णता वापरून कृत्रिम हिरे बनवण्यात यश आले. दागिन्यात ते शोभले नसते, पण चकतीच्या कडेला बसवायला उत्तम होते. पोलादी दाण्यांची रास सोडत ठोकळे चिरणाऱ्या अनेक पात्यांच्या करवती आणि हिऱ्याच्या कणांच्या चकत्या यांमुळे ग्रॅनाइटच्या पातळ, झिलईदार लाद्या निघू लागल्या. १९८०च्या दशकात भारतात हा उद्योग मुख्यतः निर्यातीसाठी वाढला आणि पुढे देशातल्या घरांपर्यंत पोचला.

ग्रॅनाइटमधली खनिजे सिलिकेट गटातली. स्वयंपाकघरातल्या आम्लांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. सुरीने ओरखडा उठत नाही. उलट सुरीच बोथट होते. गरम पातेले टेकवले तरी सहसा काही बिघडत नाही. पण खनिजांच्या दाण्यांमधल्या बारीक फटींतून तेल आणि पाणी शिरू शकते. फिकट रंगाच्या ग्रॅनाइटवर तेलकट डाग राहतात ते त्यामुळे.

इथे एक गंमत आहे. दुकानात ज्याला 'काळा ग्रॅनाइट' म्हणतात तो भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूतल्या अतिप्राचीन खडकांच्या भेगांत शिरून, खोलवर, सावकाश थिजलेला शिलारस. त्याची रासायनिक घडण बेसॉल्टच्या अगदी जवळची. म्हणजे पायाखालच्या काळ्या दगडाला सोडून आपण लांबून आणतो तो त्याचाच भाऊबंद! फरक एवढाच की एक उघड्यावर लवकर थिजला, आकसला, तडकला. दुसरा जमिनीखाली हळूहळू थिजला आणि त्यातून मोठे सलग ठोकळे मिळू शकले. आजोबांच्या घरातला पाटा आणि नातवाच्या घरातला कट्टा हे असे एका कुळातले निघतात.

झीज गेली कुठे?

ग्रॅनाइट झिजत नाही असे आपण म्हणतो. पण आपल्या घरी येण्यापूर्वी तो झिजवलेला असतो. कापताना, कडा गोल करताना, सिंकसाठी भोक पाडताना त्याची भुकटी होते. ग्रॅनाइटमध्ये साधारण चौथा ते तिसरा हिस्सा गारगोटी असते. तिची डोळ्यांना न दिसणारी, काही मायक्रॉन मापाची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या कोशांपर्यंत जाते. शरीरातल्या रक्षक पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात, दाह होतो आणि फुप्फुसात व्रणासारखी कठीण ऊती तयार होते. हा सिलिकोसिस. झालेले नुकसान भरून येत नाही, आणि क्षयाचा धोका वाढतो तो वेगळाच.

हा रोग आपल्याला अपरिचित नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने ज्या व्यवसायजन्य रोगांची नोंद सक्तीची केली, त्यांत सिलिकोसिस होता. शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे उदाहरण मध्य प्रदेशातल्या मंदसोरचे. मुलांच्या पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या तिथल्या कामगारांत हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याचा अभ्यास केला. कोल्हापूरच्या ओतकाम कारखान्यांत साच्यांसाठी वापरली जाणारी वाळू हीसुद्धा गारगोटीचीच. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव भागात घरातले कोणी काम करत असेल, तर अशा मुलांसाठी हा धडा पुस्तकातला उरत नाही.

याच वाटेवर पुढचा टप्पा आला तो 'क्वार्ट्झ' नावाने विकल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडाचा. १९६०च्या दशकात इटलीतल्या ब्रेटोन कंपनीने तो बनवण्याचे तंत्र विकसित केले. गारगोटीचा चुरा आणि थोडे राळेसारखे प्लास्टिक एकत्र करून, हवा काढून, दाबून त्याची लादी करतात. गारगोटीचे प्रमाण सुमारे नव्वद टक्के. आंबटाला दाद न देणारी, ओरखडे न घेणारी, तेल-पाणी न पिणारी, हव्या त्या रंगाची लादी. तिला नको असते ती तीव्र उष्णता, कारण राळ करपते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती जवळजवळ आदर्श होती. पण ती कोरडी कापणाऱ्या कामगारांत सिलिकोसिस लवकर आणि तीव्र स्वरूपात दिसू लागला. १९९७ ते २०१० या काळात इस्राएलमध्ये फुप्फुस-रोपणासाठी पाठवलेल्या अशा २५ कामगारांची हकीकत २०१२ साली तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. पुढे स्पेन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथूनही तशाच बातम्या आल्या. अखेर १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने अशा दगडाच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि बसवण्यावर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश.

हा इतिहास एका ओळीत असा सांगता येईल : सारवलेल्या जमिनीची झीज बाईच्या कमरेवर पडत होती, पाट्याची झीज थोडी पोटात जात होती, कडप्प्याची झीज डोळ्यांना दिसत होती, आणि सर्वांत 'न झिजणाऱ्या' कट्ट्याची झीज दुसऱ्याच कोणाच्या छातीत गेली.

मग निवडावे काय?

याचे एकच एक उत्तर नाही, पण विचार करण्याची दिशा सांगता येते. काळा डोलेराइट हा आपल्याकडच्या स्वयंपाकाला चांगला मानवतो. आंबट, तेल, तिखट, उष्णता सगळे तो सोसतो आणि त्यात गारगोटी फार थोडी असते. कडप्पा आधीच घरात असेल तर केवळ पांढऱ्या डागांसाठी तो उखडण्याचे कारण नाही. लिंबू-चिंच-ताकाची भांडी ताटलीत ठेवावीत, सांडले तर लगेच पाण्याने पुसावे, आणि डाग फारच झाले तर पाणी घालून पुन्हा झिलई करून घ्यावी. मऊ दगडाचा हा मोठा गुण आहे : तो लवकर झिजतो, पण दुरुस्तही सहज होतो.

हळदीच्या डागांचे शास्त्र वेगळे. हळदीतला कर्क्युमिन हा रंग साबण किंवा सोड्याने लाल होतो, कारण तो अल्कलीचा दर्शक आहे. डाग वाढला असे समजून घाबरू नये. उन्हात कर्क्युमिन विटतो. खिडकीजवळचा डाग आपोआप फिका होतो तो त्यामुळे.

उपाहारगृहांत आणि खानावळींत बहुधा स्टेनलेस स्टीलचे कट्टे असतात. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त पोलाद बनवले. त्यातल्या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर होतो. ओरखडा पडला तर हा थर तिथे पुन्हा आपोआप तयार होतो. स्वतःची दुरुस्ती स्वतः करणारा हा पदार्थ म्हणायचा! मात्र मिठाचे पाणी फार काळ साचू दिले, तर तिथे टोचल्यासारखे खड्डे पडू शकतात.

आणि दगड कोणताही घ्या, तो बसवायला येणाऱ्या कारागिराला पाणी सोडत कापायला सांगावे. पाण्याने धूळ हवेत उडण्याऐवजी चिखल होऊन खाली बसते. नाका-तोंडाला नुसता रुमाल बांधल्याने सूक्ष्म धूळ अडत नाही. घरात धूळ उडेल म्हणून आपण भांडी झाकून ठेवतो. तीच धूळ दिवसभर ओढणाऱ्या माणसासाठी बादलीभर पाणी आणि वायर-प्लगची सुरक्षित सोय करून देणे अवघड नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

फरशीच्या दुकानात तुटलेले तुकडे सहज मिळतात. शहाबादी, कडप्पा, संगमरवर, गुलाबी ग्रॅनाइट, काळा ग्रॅनाइट आणि चिनी मातीची लादी असे सहा तुकडे जमवा. तुकडे वर्गात फोडू किंवा घासून भुकटी करू नका.

पहिला प्रयोग आम्लाचा. प्रत्येक तुकड्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पंधरा मिनिटे ठेवा. धुऊन, कोरडे करून उजेडात तिरके धरून पाहा. कुठे चमक गेली? त्या जागी तेलाचे बोट फिरवले तर काय होते? दुसरा प्रयोग काठिण्याचा. लोखंडी खिळ्याने हलकी रेघ ओढा. पांढरी भुकटी निघाली तर दगड झिजला. करडी धातूसारखी रेघ उमटली तर खिळा झिजला. तिसरा प्रयोग पाणी पिण्याचा. कोरडा तुकडा अचूक तराजूवर तोला, एक दिवस पाण्यात ठेवा, वरवर पुसून पुन्हा तोला आणि वाढ शेकडेवारीत काढा. सोबत जांभ्याचा किंवा विटेचा तुकडा घेतला तर तुलना उठून दिसेल.

चौथे काम प्रयोगाचे नाही, विचारपूस करण्याचे आहे. विद्यार्थ्यांनी घरातल्या आजीला तिच्या माहेरी कशावर स्वयंपाक होई ते विचारावे. आणि गावात फरशी बसवणारे किंवा दगड घडवणारे कोणी असतील, तर दिवसाकाठी किती तास ते धुळीत काम करतात, पाणी वापरता येते का, हे अदबीने विचारून लिहून आणावे. पहिल्या तीन प्रयोगांचे तक्ते आणि या चौथ्या कामाच्या नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या, की कोणत्या दगडाची झीज कोणाच्या वाट्याला येते हे विद्यार्थ्यांना स्वतःच ठरवता येईल.